वाळवंटातला वसंत आणि आमची विहीर

आम्ही शिक्षक. आमच्या घरात वसंत ऋतू कधी येतो आणि कधी जातो, ते कळतच नाही. मार्च-एप्रिल म्हणजे तोंडी परीक्षा, पेपर तपासणी आणि निकालपत्रके. १ मेला निकाल लावून शाळेबाहेर पडावे, तर लातूरचे ऊन चाळिशीच्या पुढे गेलेले असते. त्यामुळे "या सुट्टीत इकडे या, इथे अजून वसंत आहे, वाळवंट फुललंय," असा धाकट्या भावाचा अमेरिकेतून फोन आला, तेव्हा आम्हाला हसूच आले. वाळवंट, आणि तेही फुललेले?

धाकटा नऊ वर्षांपासून ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहराजवळ राहतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडचा हा सगळा मुलूख वाळवंटाचा. अब्बा मरहूम झाल्याला दोन वर्षे होत आली होती आणि तेव्हापासून अम्मी फार अबोल झाल्या होत्या. त्यांना जरा हवापालट होईल, मुलांना जग दिसेल, म्हणून आम्ही होकार दिला. पैशांची जुळवाजुळव कशी केली ते सांगत बसत नाही. शिक्षकांच्या सोसायटीचे कर्ज म्हणजे काय, ते शिक्षकांच्या घरी सर्वांना माहीत असते.

बोलावण्यामागे आणखी एक कारण होते, आणि ते आम्हा सर्वांना ठाऊक होते. औसा तालुक्यातली आमची तीन एकर जमीन. तिला गिऱ्हाईक आले होते. धाकट्याला तिकडे घर घ्यायचे होते. त्याचे म्हणणे, बटईच्या सोयाबीनमधून काय हाती लागते? सोलापूरच्या बहिणीची ना नव्हती. आम्हालाही मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च डोळ्यांपुढे दिसत होता. अडले होते ते अम्मींच्या सहीपाशी. विषय काढला की त्या "बघू" म्हणायच्या आणि तसबीह हातात घ्यायच्या. त्या जमिनीत एक विहीर आहे. १९७२ च्या दुष्काळात अब्बांनी आणि त्यांच्या वडिलांनी मिळून खोदलेली. गेली कित्येक वर्षे ती गाळाने भरली आहे. आजूबाजूला बोअर झाले आणि विहिरीकडे कोणी बघेनासे झाले.

विमान लॉस एंजेलिसला उतरले. तिथून फिनिक्स मोटारीने सहाशे किलोमीटर. धाकट्याने मुद्दामच तसे तिकीट काढले होते, म्हणजे वाटेत वाळवंट बघता येईल. शहर संपले आणि दोन्ही बाजूंना करड्या रंगाचे उघडे डोंगर, काटेरी झुडपे आणि मैलोन्‌मैल रिकामी जमीन सुरू झाली. तीन-साडेतीन तास हेच. मुले झोपी गेली. आणि एकाएकी डोळ्यांना सुखावणारा हिरवा पट्टा आला. ब्लाइद नावाचे गाव. अम्मी काचेला नाक लावून बघत होत्या. "अगे माँ, ये तो अपना घास!" त्या उद्गारल्या. खरेच की. आपल्याकडे दुभत्या जनावरांना घालतात तो लसूणघास, शेकडो एकर.

"पाणी कुठलं याला?" अम्मींचा पहिला प्रश्न.

उत्तर पुढच्या पाच मिनिटांत पुलाखालून वाहताना दिसले. कोलोरॅडो नदी. रॉकी पर्वतात उगम पावून मेक्सिकोकडे जाणारी, सात राज्यांना पाणी पाजणारी ही नदी. त्या क्षणी आम्हाला कल्पना नव्हती, पण पुढचे सगळे दिवस आम्ही तिच्याच मागे मागे हिंडणार होतो.

नदी ओलांडली की ॲरिझोना. तीसेक किलोमीटरवर क्वार्ट्झसाइट हे छोटे गाव लागते. तिथल्या कब्रस्तानात धाकट्याने गाडी नेली. दगडी बांधणीचा एक पिरॅमिड आणि त्याच्या टोकावर धातूचा उंट! पाटीवर नाव 'हाय जॉली'. हे नाव मूळचे हाजी अली. नाव ऐकताच आमच्या मुलाला मुंबईचा समुद्रातला दर्गा आठवला. पण हे हाजी अली वेगळे. उस्मानी साम्राज्यातून आलेले उंटवाले. या ओसाड मुलखात सामान वाहायला घोडे-खेचरे टिकत नाहीत म्हणून अमेरिकन लष्कराने १८५६ मध्ये भूमध्य समुद्राकडून जहाजाने उंट आणवले. त्यांच्याबरोबर उंट सांभाळणारी माणसेही आली, त्यांपैकी हे एक. उंटांनी काम चोख केले, पण पुढे यादवी युद्ध पेटले, आगगाडी आली आणि उंट विकले गेले, काही वाळवंटात सोडून दिले गेले. हाजी अली मात्र इथेच राहिले. १९०२ मध्ये वारले. रस्ते बांधणाऱ्या सरकारी खात्याने १९३५ मध्ये त्यांचे हे स्मारक उभे केले. इथल्या लोकांच्या जिभेवर त्यांचे नावसुद्धा नीट टिकले नाही, पण या रस्त्यावर त्यांची मेहनत आहे हे खात्याने लक्षात ठेवले. आम्ही फातेहा पढलो. अम्मी म्हणाल्या, "परदेशात मेला बिचारा. याच्या गावाला खबर तरी गेली असेल का?" गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

फिनिक्सला पोहोचल्यावर वाळवंट फुलते म्हणजे काय ते कळले. पालो व्हर्दे नावाची झाडे रस्त्याच्या कडेला पिवळीधमक झाली होती. पाने नावापुरती, खोडच हिरवे. 'पालो व्हर्दे' म्हणजे स्पॅनिशमध्ये हिरवी काठी. आणि सग्वारो. चित्रपटांत दिसतात ते हात वर केलेले, दोन-तीन पुरुष उंचीचे निवडुंग. त्यांना पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात, आणि काही झाडे दीडशे वर्षांपेक्षा जास्त जगतात. अंगावर उभ्या घड्या असतात. पाऊस पडला की झाड पाणी पिऊन फुगते आणि घड्या उलगडतात, दुष्काळात पुन्हा आवळून घेते. मे महिन्यात त्याच्या टोकांवर पांढरी फुले येतात. रात्री उमलतात आणि दुसऱ्या दुपारी मिटतात. आमच्या सहावीतल्या मुलाने वहीत लिहून ठेवले, 'हे झाड म्हणजे पाण्याची बँक.'

पण याच शहरात हिरवळीची गोल्फ मैदाने आहेत, घरोघरी पोहण्याचे हौद आहेत. लातूरच्या माणसाची नजर आधी तिकडेच जाते. २०१६ चा एप्रिल आम्ही विसरलेलो नाही. मांजरा धरण कोरडे पडले होते. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, १२ एप्रिलला पहिली, दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. गल्लीत टँकर आला की भांडणे व्हायची. पाणवठ्यांवर जमावबंदी लावावी लागली होती. आमच्या वर्गातली मुले सकाळी उशिरा येत आणि कारण विचारले की घागरीने घासलेले तळहात दाखवत. अम्मी तेव्हा रात्री दोनला उठून रांगेत भांडी लावायच्या.

"इतकं पाणी येतं कुठून?" अम्मींनी पुन्हा विचारले. धाकट्याने आम्हाला शहराच्या उत्तरेला नेऊन एक काँक्रीटचा कालवा दाखवला. कोलोरॅडोचे पाणी ५४० किलोमीटर वाहून आणणारा. डोंगर आडवे येतात म्हणून पंपांनी ते साडेआठशे मीटरहून अधिक उचलावे लागते. १९७३ ला काम सुरू झाले, पुरे व्हायला वीस वर्षे लागली. गंमत अशी, की याच भूमीवर हजार वर्षांपूर्वी होहोकाम नावाचे लोक राहत होते. त्यांनी लाकडी-दगडी अवजारांनी शेकडो मैलांचे कालवे खणले होते. पंधराव्या शतकात त्यांची वस्ती उठली. ते कालवे पाहूनच पुढे आलेल्या लोकांनी शहर वसवले. जुन्याच्या राखेतून उठले म्हणून नाव फिनिक्स. आमची नववीतली मुलगी म्हणाली, "म्हणजे इथे एकदा पाणी असूनही लोक निघून गेले होते." आम्ही इतिहासाचे शिक्षक नाही, पण त्या वाक्याला आम्ही मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.

तीन दिवसांच्या विश्रांतीनंतर उत्तरेकडे निघालो. भावजयीने पराठे केले होते, अम्मींनी लातूरहून आणलेली शेंगदाण्याची चटणी होती. वाटेत हलालचा प्रश्न नको म्हणून अंडी, राजमा, भाज्या, फळे असा बेत. दीड-दोन तासांवर एक फाटा लागला. पाटी होती 'मोंटेझुमा वेल'. मोंटेझुमाची विहीर! मोंटेझुमा हा मेक्सिकोचा राजा. तो इकडे कधी आलाच नव्हता. गोऱ्या वसाहतवाल्यांनी गैरसमजाने नाव दिले आणि ते चिकटले.

उतारावरून चढत काठावर गेलो आणि आम्ही सगळेच थबकलो. चुनखडीचा डोंगर मधोमध खचून झालेला एक भलामोठा गोल खड्डा, शंभर मीटरहून अधिक व्यासाचा, आणि त्यात हिरवेगार, स्थिर पाणी. भोवताली कडेच्या कपारींत प्राचीन लोकांची दगडी घरे. तळातल्या झऱ्यांतून रोज सुमारे ५६ लाख लिटर पाणी वर येते. मुलाने लगेच हिशेब केला, "म्हणजे लातूरच्या त्या पहिल्या रेल्वेसारख्या अकरा रेल्वे. रोज!" पाणी बारमाही कोमट. त्यात कार्बन डायऑक्साइड इतका विरघळलेला, की मासा जगत नाही. हे पाणी एका भेगेतून डोंगराच्या बाहेर पडते आणि तिथे हजार वर्षांपूर्वी खणलेला पाट आहे. चुन्याने त्याच्या कडा दगडासारख्या घट्ट झाल्या आहेत. खालच्या गावातले काही लोक आजही या पाण्यावर बागा भिजवतात.

अम्मी त्या पाटाजवळ सावलीत बसल्या. मोठे झाड होते, पाण्याचा बारीक आवाज येत होता. दोन वर्षांत त्या इतक्या बोलल्या नसतील, तितक्या तिथे बोलल्या. नवी नवरी म्हणून त्या गावात आल्या तेव्हा विहीर तीन वर्षांची होती. आठ परस खोल, पायऱ्यांची. उन्हाळ्यात गावची सार्वजनिक विहीर आटली की सगळी वस्ती आमच्या विहिरीवर. कोणाचे आडनाव काय, कोण कुठल्या आळीतला, हे अब्बांनी कधी विचारले नाही. धनगरांची मेंढरे यायची, तेव्हा ते स्वतः दोर ओढायचे. कोणी तरी सुचवले होते, विहिरीला फाटक बसवा. अब्बा म्हणाले होते, "शेताला कुंपण असतं, विहिरीला नसतं."

"मग गाळ का नाही काढला कधी?" नातीने विचारले.

"तुझ्या दादांना काढायचा होता. दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी. मग पाय गेले त्यांचे." अम्मींनी पाटात बोटे बुडवली. "शेवटी दवाखान्यात दोनदा म्हणाले, विहीर तशीच राहिली."

हे आम्हा भावांना माहीत नव्हते. धाकटा उठून गाडीकडे गेला. फोन आला असे म्हणाला. फोन वाजलेला आम्ही कोणी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ग्रँड कॅन्यन. त्याचे वर्णन करणे शब्दांच्या कुवतीबाहेरचे आहे, तरी शिक्षकाला सवयीने सांगावेसे वाटते. ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल अशी ही दरी. काठावरचा खडक २७ कोटी वर्षांचा, तळातला १८० कोटी वर्षांचा. थरांवर थर: पांढुरका, तांबडा, हिरवट, जांभळा. आणि हे सगळे कापत गेली ती तीच नदी. काठावरून ती दोऱ्यासारखी दिसते, तीही एखाद्याच ठिकाणाहून. चार वर्षांच्या पुतणीला ती शेवटपर्यंत सापडली नाही. मे महिना असूनही गार वारा होता. अम्मी शालीत गुंडाळून बसल्या होत्या.

काठावर पाणी भरायचे नळ आहेत. शंका आली, नदी तर एवढी खाली, मग हे पाणी? उद्यानाच्या कर्मचारी बाईंनी सांगितले, समोरच्या काठाखाली झरे आहेत; तिथून वीस किलोमीटरचा नळ दरीत उतरवून, तळातून नेऊन या काठावर चढवला आहे. साठ-सत्तरच्या दशकातला तो नळ आता वारंवार फुटतो. लाखो लोक येऊन पाणी पितात ते त्या एका नळाच्या जिवावर.

असरची वेळ झाली. लातूरला आपला किब्ला पश्चिमेला. इथे तो उत्तरेकडून थोडा पूर्वेला. मुलाला पटेना, मक्का तर दूर पूर्वेला आहे. मग एक संत्रे घेतले, त्यावर पेनाने दोन ठिपके काढले आणि दोरा ताणून दाखवला. गोल पृथ्वीवर जवळची वाट उत्तरेकडून वळून जाते. झाडाआड जानमाज अंथरली आणि कस्र नमाज पढलो. जाणारे-येणारे क्षणभर बघायचे आणि आवाज हळू करून पुढे जायचे.

तिथून पूर्वेला नावाहो लोकांच्या मुलखात उतरलो. आकाराने हा प्रदेश अमेरिकेतल्या कित्येक राज्यांपेक्षा मोठा. तांबडी माती, लांब लांब एकेकटी घरे, मेंढ्यांचे कळप. पहिली गंमत घड्याळाची. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळे पुढे करत नाहीत, नावाहो मुलखात करतात, आणि त्यांच्या पोटातल्या होपी लोकांच्या मुलखात पुन्हा करत नाहीत. मोबाइलमधली वेळ तासाने पुढे-मागे उड्या मारू लागली. मुले वैतागली. अम्मींनी गाडी थांबल्यावर खाली उतरून सावली पाहिली आणि म्हणाल्या, "जुहरला अवकाश आहे." त्यांचे घड्याळ एकदाही चुकले नाही.

मॉन्युमेंट व्हॅलीच्या अलीकडे रस्त्याकाठी एक वृद्ध नावाहो बाई मांडव घालून तळलेल्या रोट्या आणि मण्यांच्या माळा विकत होत्या. सोबत त्यांचा कॉलेजात जाणारा नातू. तेल कोणते, हे अम्मींनी आधी विचारून घेतले. वनस्पती तेल होते. रोटी आपल्या पुरीची थोरली बहीण. नातवाने सांगितले, ही आनंदाची रोटी नाही. १८६४ मध्ये त्यांच्या लोकांना सैन्याने घरदारातून उठवून शेकडो मैल चालवत नेले, कैदेत ठेवले. तिथे शिध्यात मिळणाऱ्या पिठातून आणि चरबीतून ही रोटी जन्माला आली. १८६८ च्या तहानंतर ते परत आले, म्हणून आज आपल्या जमिनीवर आहेत.

मांडवामागे जुनी मालमोटार उभी होती आणि तिच्यावर प्लास्टिकची मोठी टाकी. अम्मी तिच्याकडे बघतच राहिल्या. ती टाकी ओळखायला त्यांना दुभाषा लागला नाही. त्या बाईंच्या घरी नळ नाही. नातू दर दोन-तीन दिवसांनी तासभर गाडी चालवून पाणी भरून आणतो. या मुलखातल्या पुष्कळ घरांची हीच गत. घराजवळ विहीर आहे, पण तिचे पाणी माणसांनी पिण्याजोगे नाही. १९४४ पासून चाळीस वर्षे इथल्या जमिनीतून युरेनियमचे जवळपास ३ कोटी टन खनिज काढले गेले. पाचशेहून अधिक खाणी तशाच टाकून दिल्या आहेत आणि कितीतरी विहिरी नासल्या. पाण्यासाठी हे लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल विरुद्ध गेला: तहात जमीन दिली, पाणी मिळवून देण्याची जबाबदारी सरकारवर नाही.

"पाण्याशिवाय जमीन म्हणजे काय?" आमची मुलगी म्हणाली. नातू हसला. म्हणाला, आजीही हेच विचारते.

जुहरची वेळ झाली होती. तिथे पाणी मागायला आमची जीभ रेटेना. अम्मींनी आपली अर्ध्या लिटरची बाटली काढली आणि नातीला जवळ बसवून वुजू शिकवला. पैगंबर साहेब (स.) एका मुदभर, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास पाण्यात वुजू करत, हे आम्ही वर्गात कितीदा सांगितले आहे. पाहिले त्या दिवशी. ओंजळीत थोडे घ्यायचे, फिरवायचे, थेंब कोपरापर्यंत न्यायचा. वुजू झाला तरी बाटलीत दोन घोट उरले होते. वृद्ध बाई टक लावून बघत होत्या. त्यांनी बाटलीकडे बोट दाखवून एक शब्द उच्चारला: "तो." नातू म्हणाला, आमच्या भाषेत 'तो' म्हणजे पाणी. अम्मींनी मान हलवली आणि म्हणाल्या, "पानी." दोघी एकमेकींचा शब्द दोन-तीनदा म्हणून हसल्या. निघताना अम्मींनी चटणीची पुडी त्यांच्या हातात ठेवली आणि त्यांनी मुलीच्या मनगटात मण्यांचे कडे घातले. पैसे घेतले नाहीत.

शेवटचा मुक्काम पेज. वाटेत धाकट्याने एका मोकळ्या माळाकडे बोट केले. तिथे कोळशावर चालणारे प्रचंड वीजकेंद्र होते. फिनिक्सकडे पाणी उचलणाऱ्या पंपांना वीज तिथून जायची. कोळसा इथल्याच लोकांच्या जमिनीतला. २०१९ मध्ये ते बंद झाले. अम्मींनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, "यांच्या कोळशावर तिकडे पाणी गेलं, आणि यांच्या घरात टाकी." धाकटा काही बोलला नाही. त्या पाण्यावरच त्याच्या घराचे नळ चालतात. आणि बोलायला आम्ही तरी कुठल्या तोंडाने बोलणार? मांजराच्या पाण्यावर आमच्या भागात ऊस उभा राहतो आणि शहरात रांगा लागतात.

पेजला कोलोरॅडोवर २१६ मीटर उंचीचे धरण आहे. त्यामागचा जलाशय भरायला सतरा वर्षे लागली. आता भोवतालच्या तांबड्या कड्यांवर पाण्याच्या जुन्या पातळीचा पांढरा पट्टा दिसतो, बादलीत क्षार बसावेत तसा, कित्येक मजले उंच. २०२३ च्या सुरुवातीला पाणी भरल्यापासूनच्या सर्वांत खालच्या पातळीला गेले होते. सात राज्यांनी १९२२ मध्ये करार करून नदी वाटून घेतली, पण हिशेब धरला तो चांगल्या पावसाच्या वर्षांचा. मूळच्या रहिवाशांना त्या बैठकीत बोलावलेही नाही. कागदावर जेवढे पाणी वाटले, तेवढे नदीत नाही. आता बहुतेक वर्षी ती समुद्राला मिळतच नाही, त्याआधीच संपते.

धरणाखाली, वळण घेत जाणारी नदी काठावरून पाहिली. 'कोलोरॅडो' म्हणजे तांबूस. पण इथे ती हिरवीगार आहे, कारण तिची माती धरणाने अडवून ठेवली आहे. सूर्य मावळत होता. अम्मींनी आम्हा दोघा भावांना जवळ बोलावले.

"सही करीन मी," त्या म्हणाल्या. "तुमचा हक्क आहे, तुमच्या गरजा आहेत. मी आडवी येणार नाही. पण आधी विहिरीचा गाळ काढायचा. अब्बांच्या नावाने. पाणी लागलं की वस्तीला सांगायचं, या. मग एक वर्ष बघायचं. वर्षानं तुम्ही म्हणाल तिथे सही."

धाकटा म्हणाला, "अम्मी, वर्षभर गिऱ्हाईक थांबणार नाही. आणि पाणी लागलंच नाही तर?"

"नाही लागलं तर खड्डा विकू. लागलं तर पाणी विकायचं की नाही, ते तेव्हा ठरवू."

त्याला हे मनापासून पटले, असे आम्ही म्हणणार नाही. परतीच्या वाटेवर तो गप्पच होता आणि भावजयीचाही चेहरा उतरला होता. भाड्याच्या घरात आणखी एक वर्ष काढणे त्यांना सोपे नव्हते. पण आम्ही निघालो त्या दिवशी विमानतळावर त्याने आमच्या खिशात पाकीट कोंबले. "यारीचं भाडं," एवढेच म्हणाला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात यारी लावली. सहा दिवस गाळ निघत होता. गाळात काय काय निघाले: दोन फुटक्या घागरी, मोटेचे चाक, मुलांचे चेंडू. वस्तीतली पोरे न बोलावता हात लावायला आली. त्यांच्या आज्यांनी या विहिरीचे पाणी प्यायले होते. मृगाचे दोन पाऊस झाले आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी विहिरीत दीड परस पाणी होते. धाकट्याला फोटो पाठवला. त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. त्याने विचारले होते, पायऱ्या दिसतात का? दिसतात. वरच्या अकरा.

पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकेल की नाही, सांगता येत नाही. गिऱ्हाईक अजून फोन करते आहे आणि धाकट्याचे घरही अजून व्हायचे आहे. पुढच्या मेमध्ये आम्हाला पुन्हा एकत्र बसून ठरवावे लागेल. तोवर अम्मी दर जुम्याला रिक्षा करून शेतात जातात. काठावर बसून यासीन पढतात, आणि कोणी पाण्याला आले की थोडे सरकून वाट देतात.